ताश-रबातला कोण जाणार

कुबातने ताश-रबातला जायचं जाहीर केलं, तेव्हा जेवणाऱ्यांपैकी एकानेही चमचा खाली ठेवला नाही. दोष त्यांचा नव्हता. गेल्या उन्हाळ्यातही त्याने हेच जाहीर केलं होतं आणि त्याच्या आदल्या उन्हाळ्यातही. एकदा धाकट्या एर्बोलचा दात हलत होता म्हणून बेत रद्द झाला, एकदा नारीनकडे ढग दिसले म्हणून.

कुबात बिश्केकमध्ये लिफ्ट तपासायचं काम करायचा. जुन्या नऊ मजली इमारतींतल्या कुरकुरणाऱ्या लिफ्टांत चढायचं, तारा बघायच्या, ब्रेक बघायचे आणि बहुतेक वेळा दारावर ‘बंद’ अशी पाटी लावून जिन्याने खाली उतरायचं. अख्ख्या वस्तीतल्या म्हाताऱ्या त्याला त्याच्या तोंडावर आशीर्वाद द्यायच्या आणि पाठ वळली की शिव्या. माणूस वाईट नव्हता. पण कुठे काय बिघडू शकतं हे शोधून काढल्याशिवाय त्याला घास गोड लागत नसे.

“या वेळी नक्की,” तो म्हणाला. “ऑगस्टमध्ये. मी सगळं वाचून काढलंय.”

“सगळं म्हणजे?” त्याची बायको आयसुलू हिने विचारलं.

“उंचीचं. तीन हजार मीटरच्या वर हवा विरळ असते. डोकं दुखतं, मळमळतं, झोप लागत नाही. मुलांना एकदम वर नेलं तर काहीही होऊ शकतं. म्हणून वाटेत नारीनला मुक्काम, मग आत-बाशीला मुक्काम, मग वर. भरपूर पाणी प्यायचं. पळायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत, ओरडायचं नाही.”

“श्वास घेतला तर चालेल का?” दहा वर्षांच्या मीरीमने विचारलं.

“हळू घेतला तर चालेल,” आयसुलू म्हणाली.

सहा वर्षांचा एर्बोल मात्र गंभीर झाला होता. “पापा, तिथे भुतं आहेत का?”

“नाहीत. दगडी सराई आहे. जुन्या काळी व्यापारी उंट घेऊन यायचे आणि रात्री आत झोपायचे.”

“मग उंटांची भुतं?”

कुबातने या प्रश्नाकडे कानाडोळा केला, कारण खरी अडचण टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती आणि शांतपणे हाडातलं मगज काढत होती. त्याची आई कालिपा. तिचं माहेर आत-बाशीचं. ती लग्न होऊन खाली शहरात आली, त्यालाही आता जमाना झाला होता.

“आपा,” कुबात घसा खाकरून म्हणाला, “तुम्ही मात्र नाही हं. तुमचं वय, तुमचं हृदय. तुम्ही तुमच्या भाचीकडे, गुलबाराकडे आत-बाशीला थांबा. आम्ही वर जाऊन संध्याकाळी परत येतो.”

कालिपाने हाड ताटलीत ठेवलं, बोटं पुसली. “माझ्या हृदयाला काय झालंय?”

“काही झालं नाही. पण होऊ शकतं.”

“लहानपणीचे सगळे उन्हाळे मी त्या दरीत कोकरं राखलीत. गारा पडल्या की आम्ही पोरं त्याच सराईत घुसायचो. तुझ्या मामाचं डोकं एकदा तिथल्या झरोक्यात अडकलं होतं, लोणी चोळून काढलं. आणि मला तू सांगतोस हवा विरळ असते?”

“तेव्हा तुम्ही लहान होता, आपा.”

“हो. आणि ते दगड तेव्हाही म्हातारेच होते. त्यांना चाललं ना?”

मीरीम फिसकन हसली. कुबातने शेवटचं हत्यार काढलं. “डॉक्टरांना विचारू. त्या म्हणतील ते.”

“विचार,” कालिपा म्हणाली आणि दुसरं हाड उचललं.

तोक्तोकान असानोव्ना या त्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई. कुबातला गोवर झाला तेव्हापासून त्या त्याला ओळखत होत्या आणि त्याचा त्यांच्यावर आंधळा विश्वास होता. तरी खबरदारी म्हणून त्याने आईला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि स्वतः आधी आत गेला.

“आपाला ताश-रबातला यायचंय,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “तुम्ही तिला समजावा. म्हणजे, नको म्हणा.”

“तपासायच्या आधीच?”

“तपासून मग नको म्हणा.”

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, दार उघडलं आणि कालिपाला आत बोलावलं. छाती तपासली, पाठ तपासली, दंडाला पट्टा बांधून दाब घेतला, पाय दाबून पाहिले, कागदावर हृदयाच्या रेघा काढल्या. कालिपाने मधल्या वेळात त्यांच्या सुनेची, नातवाची आणि गुडघ्याची चौकशी करून घेतली.

“जा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “वाटेत मुक्काम करत जा. वर धावपळ करू नका. नेहमीची गोळी चुकवू नका. बाकी ठणठणीत आहात.”

“पण तीन हजार मीटर!” कुबात उसळलाच. “तुम्ही विचार करा! रस्त्यात दोलोनची खिंड आहे, तिथून दवाखाना किती लांब! वर फोन लागत नाही! उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची?”

बोलता बोलता त्याचे कान लाल झाले होते. डॉक्टरीणबाईंनी समोरची खुर्ची पायाने पुढे सरकवली.

“बस.”

“मी कशाला?”

“कुबात, बस म्हटलं ना. बाही वर कर.”

पट्टा फुगला, सुस्कारा टाकून सैल पडला. त्यांनी पुन्हा फुगवला. मग दुसऱ्या दंडाला बांधला. खिडकीबाहेर कुणीतरी गालिचा बडवत होतं, त्याचा धप धप आवाज तेवढा येत होता.

“डोकं दुखतं का?”

“संध्याकाळी. कामामुळे.”

“किती दिवस?”

कुबातला चटकन आठवेना. हिवाळ्यात दुखत होतं. त्याच्या आधीही बहुधा.

“एकशे अठ्ठ्याहत्तर,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तुझ्या आईने तुला घेऊन यायला हवं होतं, तू तिला नव्हे. आजपासून गोळ्या. मीठ बंद. आणि हा आकडा खाली येईपर्यंत ताश-रबात तुला बंद. पाटी लाव हवी तर.”

कुबातने आईकडे पाहिलं. आता ती हसेल, असं त्याला वाटलं. हसायला हवं होतं. त्याने तिला तेवढी संधी दिलीच होती. पण कालिपा उठली, खुंटीवरचं त्याचं जाकीट काढलं आणि तो लहान असताना धरायची तसं, बाही हाताला येईल अशा बेताने धरून उभी राहिली.

परतीची मिनीबस खचाखच भरलेली होती. म्हाताऱ्या बाईला पाहून एक कॉलेजातली मुलगी पटकन उठली. कालिपाने कुबातच्या खांद्याला धरून त्याला त्या जागेवर बसवलं.

“आपा, काहीतरीच काय! तुम्ही बसा.”

“आजारी आहे,” कालिपाने त्या मुलीला सांगितलं. शेजारच्यांनाही ऐकू जाईल इतपत मोठ्याने.

सगळ्या मिनीबसने त्या धडधाकट, रुंद खांद्यांच्या माणसाकडे वळून पाहिलं. एका आजोबांनी पिशवी आवरून त्याच्या गुडघ्यांना जागा करून दिली. पुढचे सगळे थांबे कुबातने स्वतःच्या बुटांकडे बघत काढले. त्याला लाज वाटत होती, पण तिच्या खाली आणखी काहीतरी थंडगार होतं आणि त्याचं नाव घ्यायची त्याची तयारी नव्हती. त्याचे वडील असेच एका संध्याकाळी डोकं दुखतंय म्हणून आडवे झाले होते. कालिपाही बहुतेक तेच आठवत असावी, कारण घरी चहा ओतताना तिच्या हातून पहिल्यांदाच बशीत सांडला.

“जायचं रद्द,” कुबात म्हणाला.

“कुणी सांगितलं?” कालिपाने बशीतला चहा परत पेल्यात ओतला. “बेत ठरलाय. ऑगस्टमध्ये जायचं. तोवर तुझं डोकं ताळ्यावर आणू.”

आणि मग त्या घरात कुबातवर राज्य सुरू झालं. रक्तदाब मोजायचं यंत्र आलं आणि मीरीमने ते ताब्यात घेतलं. सकाळी तोंड धुवायच्या आत आणि रात्री झोपायच्या आधी ती पट्टा घेऊन हजर व्हायची. “हलू नको. बोलू नको. ऑफिसचा विचार करू नको. केलास ना? दिसतंय इथे.” आयसुलूने मिठाचा डबा कपाटाच्या वर ठेवला. कुरुत, म्हणजे दह्याचे ते वाळवलेले खारट गोळे, कुबातचा जीव की प्राण. ते घरातून नाहीसेच झाले.

एका रविवारी एर्बोल स्वयंपाकघरात आला तर बाप शिडीवर उभा.

“पापा, काय शोधतोयस?”

“दिव्याची तार बघतोय,” कुबात म्हणाला. पण तोंडात गोळा असल्यामुळे ते ‘दियाई आय’ असं ऐकू आलं.

“चोन-आपा!” एर्बोलने आजीला हाक मारली. “पापाच्या गालाला सूज आलीये!”

कालिपा आली, हात पुढे केला आणि कुबातने निमूटपणे तिच्या तळहातावर गोळा काढून ठेवला. या माणसाच्या सहीशिवाय वस्तीतली एक लिफ्ट हलत नव्हती.

सगळ्यांत अवघड होतं ते गाडीचं. डॉक्टरीणबाईंनी घाटात गाडी चालवायला त्याला मनाई केली. आयसुलूकडे परवाना होता. पण लग्नापासून कुबातने तिला बाजाराच्या पुढे गाडी नेऊ दिली नव्हती. आता रोज संध्याकाळी ती सरावाला निघायची आणि तो शेजारी बसायचा. त्याचा उजवा पाय सारखा नसलेला ब्रेक दाबायचा.

“ट्रक! आयसुलू, ट्रक!”

“दिसतोय. उभा आहे तो.”

“उभा आहे, पण निघू शकतो.”

“त्यात ड्रायव्हर नाहीये, कुबात. तो बघ, तिकडे कलिंगड खातोय.”

तिसऱ्या दिवशी तिने गाडी कडेला घेतली आणि त्याला मागच्या सीटवर मुलांमध्ये पाठवलं. तिथे मीरीमने त्याच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा बघून सर्वानुमते ठरलं की पापाने डोळे मिटून बसावं.

ऑगस्ट आला. आकडा हळूहळू खाली आला होता. तोक्तोकान असानोव्ना म्हणाल्या, जा. पण आत-बाशीला पोचल्यावर सकाळी मोज. वाढला असेल तर तिथेच थांब. फुशारकी नको.

ते निघाले. कोचकोरला भाजीचे समोसे खाल्ले, कुबातने बिनमिठाचा घरचा पाव. दोलोनच्या खिंडीत आयसुलूने गाडी अशी काही नेली की मागून एकदाही ‘ट्रक’ असा आवाज आला नाही. वर पोचल्यावर तिने आरशात पाहिलं. नवऱ्याचे डोळे घट्ट मिटलेले होते आणि ओठ हलत होते.

“प्रार्थना करतोयस का माझ्या नावाने?”

“तुझ्या नाही. ब्रेकच्या.”

नारीनला एक मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी आत-बाशी. कालिपाची भाची गुलबारा फाटकातच उभी होती. नवरा कळप घेऊन वर कुरणावर गेलेला, घरात ती एकटी. तिने मावशीला मिठी मारली, मुलांच्या हातात गरम बोरसोक, कणकेचे तळलेले गोळे, कोंबले आणि कुबातला नखशिखांत न्याहाळून म्हणाली, “आजारी तो हाच का? मला वाटलं, उचलून आणावं लागेल.”

सकाळी सगळे झोपेत असताना कुबात उठला. मीरीमच्या उशाशी यंत्र होतं. ते त्याने हळूच उचललं, ओट्यावर जाऊन बसला, पट्टा स्वतःच बांधला. एकदा मोजलं. जरा थांबून पुन्हा मोजलं. मग नुसता बसून राहिला. समोर आत-बाशीचे डोंगर उन्हात यायला लागले होते, शेंड्यांवर ताजं बर्फ होतं. आकडा भयंकर नव्हता. बारीक सूट दिली तर चालला असता. कुणाला कळलंही नसतं.

आयुष्यभर तो लोकांना सांगत आला होता की बारीक सूट असा काही प्रकार नसतो. लोक हात जोडायचे, म्हणायचे, आजचा दिवस चालू दे, आजी आठव्या मजल्यावर राहते. आणि तो पाटी लावायचा. तेव्हा त्यांना कसं वाटत असेल, हे त्याला प्रथमच कळलं. तो उठला, आत गेला आणि कालिपाच्या अंथरुणाशी उकिडवा बसला.

“आपा. वाढलाय. मी थांबतो.”

कालिपा जागीच होती. “मग मीही थांबते.”

“नाही. तुम्ही जा.” “त्यांना तुम्हीच दाखवा. मला तरी तिथलं काय माहीत? मी नुसतं वाचलंय.”

कालिपाने त्याच्या गालावर हात ठेवला, क्षणभरच. मग म्हणाली, “दाढी कर. रोग्यासारखा दिसतोस.”

एर्बोलने भोकाड पसरलं, मीरीमने यंत्रालाच दोष दिला, पण नाश्ता होऊन गाडी निघाली. पुढे आयसुलू आणि तिच्या शेजारी, जिथे बसू नका असं कुबातने कित्येकदा बजावलं होतं तिथेच, त्याची आई. डोक्याला नवा पांढरा रुमाल बांधून.

तो दिवस कुबातला फार मोठा गेला. वर फोन लागत नव्हता. गुलबाराने त्याला दुधातून साय काढायच्या यंत्राचा दांडा फिरवायला बसवलं. त्याने आधी त्याचे दोन ढिले स्क्रू आवळले, मग फिरवत राहिला.

“दादा, दर फेरीला रस्त्याकडे बघायची गरज नाही,” गुलबारा म्हणाली. “गाडी आली की कुत्रा सांगेल.”

“आयसुलूला दगडी रस्त्याची सवय नाही.”

“सवय रस्त्यावरच होते.”

“आणि आपाला दम लागला तर?”

“तर बसेल. तिथे बसायला दगड चिक्कार आहेत.” तिने बादली बदलली. “मावशी आत-बाशीहून निघाली तेव्हा तिची आई अशीच फाटकाकडे बघत बसायची म्हणे. बिश्केकला मोटारी फार, म्हणून.”

कुबात हसला. दुपारनंतर मात्र तो फाटकातच जाऊन उभा राहिला. शेवटी कुत्रा भुंकला तेव्हा त्याने फाटक सताड उघडलं. गाडीचं पुढचं चाक एका खड्ड्यात जाऊन आलेलं दिसत होतं. आयसुलूच्या तोंडावर धूळ होती आणि धुळीखाली असं काही हसू होतं जे त्याने बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

“घोडे होते, पापा! आणि मर्मोट, मांजराएवढी जाडी खार! आणि आत काळोख!” एर्बोल ओरडला.

“घोडे नव्हते, एकच घोडा होता, तो चार वेळा आला,” मीरीमने दुरुस्ती केली.

कालिपा मात्र दोन पेले चहा प्यायली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. कुबातने आयसुलूला खुणेने विचारलं.

“दम नाही लागला,” आयसुलू म्हणाली. “ती सगळ्या खोल्यांतून फिरली. मग दाराशी बसून राहिली. मी विचारलं, काय झालं आपा? तर म्हणाली, आमचं बिऱ्हाड ओढ्याच्या पलीकडे असायचं आणि ते सांगायला आता एकही माणूस उरला नाही. मग म्हणाली, माझ्या पोराला घेऊन यायला हवं होतं.”

दुसऱ्या सकाळी मीरीमने पट्टा बांधला. सगळे भोवती जमले. गुलबारासुद्धा कणकेचे हात घेऊन आली. आकडा खाली होता. मीरीमने पुन्हा मोजला. आणखी खाली.

“सायीचं यंत्र फिरवल्याचा गुण,” गुलबारा म्हणाली.

“चला, परत निघायला हरकत नाही,” कुबात म्हणाला. त्याला सोमवारी कामावर जायचं होतं. सामान भरलं, गुलबाराने पावाचं गाठोडं दिलं, सगळे गाडीत बसले. गावाच्या टोकाला नारीनचा रस्ता उजवीकडे जातो. आयसुलू डावीकडे वळली.

“चुकलीस,” कुबात मागून म्हणाला.

“नाही.”

“आयसुलू, नारीन उजवीकडे.”

“नारीन कुठे आहे ते मला माहीत आहे. डोळे मीट.”

त्याने आईकडे पाहिलं. कालिपा समोर बघत पाव मोडत होती. या कटात ती किती आत होती, ते तिच्या मानेवरून कळत नव्हतं.

कुबातने डोळे मिटले नाहीत. पक्का रस्ता संपला, दगडी सुरू झाला. दरी अरुंद झाली, ओढा जवळ आला आणि एका वळणावर, हिरव्या उतारात अर्धी रुतलेली ती सराई दिसली, करडी आणि बुटकी, घुमटांवर गवत असलेली. त्याने वाचलं होतं त्याहून बरीच लहान. तो हळू उतरला, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसा हळू चालला आणि पोरं त्याचे दोन्ही हात धरून त्याला आत घेऊन गेली.

“इथे उंट झोपायचे,” मीरीम म्हणाली.

“त्या दारातून उंट येईल?”

“बारीक उंट.”

“आणि या भोकात चोराला टाकायचे,” एर्बोल म्हणाला, “आणि त्याला फक्त बिनमिठाचा पाव द्यायचे.”

आत गार होतं. वरच्या झरोक्यातून उजेडाचा एक तिरका पट्टा खाली आला होता आणि त्यात धूळ तरंगत होती. पोरं पुढच्या खोलीत पळाली. पळू नका, असं त्याच्या जिभेवर आलं होतं. तो बोलला नाही. त्यांच्या हाका एका घुमटातून दुसऱ्यात जात होत्या, कधी जवळ, कधी लांब.

बाहेर कालिपा ओढ्याकाठी उभी होती. तो तिच्याजवळ गेला.

“आपा, तुमचं बिऱ्हाड कुठे असायचं?”

तिने हात केला. पलीकडे नुसतं गवत होतं आणि एक सपाट दगड.

“त्या दगडावर आई लोकर पिंजायची. घोडी इथे बांधलेली. आणि तुझा मामा, मेला, सारखा पाण्यात.”

“पलीकडे जायचं?”

“तुला चालेल का? दगड निसरडे आहेत. पडू शकतो माणूस.”

“पडू शकतो,” कुबात म्हणाला. त्याने बूट काढले, पँट दुमडली आणि तिच्यापुढे हात केला. पाणी हाडं गोठवणारं होतं. पहिल्याच पावलाला त्याच्या तोंडून किंकाळी बाहेर पडली आणि काठावरून बायकोचं हसू ऐकू आलं. कालिपाने स्कर्ट गुडघ्यापर्यंत धरला, मुलाचा हात घट्ट पकडला आणि त्याला बजावलं, “दगडाकडे बघ. माझ्याकडे नको बघू. मी नाही पडत.”